झोपवलेली पुस्तकं

मंगळवार, ४ जून २०१९

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण उद्या सगळे म्हणतील की असं काही झालंच नाही. मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते आणि समोरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. दार उघडलं. शेजारची मलिता लेकीचा हात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, त्या म्हणतात हिला वाचता येत नाही."

मला आधी वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

एनिफाला वाचता येत नाही! माझ्या कुंपणापलीकडची ही पोर, सात वर्षांची, जन्मापासून दृष्टी नसलेली, वर्षभर रोज दुपारी माझ्या ओसरीवर बसून ब्रेल वाचते. अंड्यांच्या पुठ्ठ्यातल्या सहा खळग्यांत घेवड्याचे दाणे ठेवून मी तिला अक्षरं शिकवली. मग चर्चच्या जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांवर टोचणीनं शब्द टोचून दिले. आता ती ओळीच्या ओळी वाचते, आणि मी कुठे ठिपका चुकवला तर "आजी, चष्मा पुसा" म्हणते.

तपासणीसाठी जिल्ह्याहून मिसेस सितोलो नावाची बाई आली होती. मोटारसायकलवर मागे बसून, चिखलानं भरलेले बूट घालून. सकाळभरात तीन शाळा आणि अकरा मुलं उरकायची होती म्हणे. मला आत येऊ दिलं नाही. "नातेवाईक नाही, शिक्षिका नाही, मग तुम्ही कोण?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "अडतीस वर्षं या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवलेली पर्पेतुआ न्याम्बालो." ती म्हणाली, "म्हणजे निवृत्त," आणि दार लावून घेतलं.

आत काय झालं ते मलितानं सांगितलं. शाळेच्या भांडारातलं नवं कोरं ब्रेलचं पुस्तक काढलं. पानावर ब्रेल, खाली तेच वाक्य छापलेलं, शेजारी कोंबडीचं चित्र. एनिफानं पानावर बोटं फिरवली. वरून खाली, परत वर. म्हणाली, "इथे काही नाही." बाईनं दुसरं पान उघडलं. "इथेही नाही." तिसरं पान. पोरगी म्हणाली, "बाई, भिंतीसारखं लागतंय."

बाईनं कागदावर लिहिलं: अक्षरओळख नाही, सामान्य वर्गास अयोग्य, नाव कमी करावे. पुढच्या वर्षीच्या नावांची यादी एक जुलैला जिल्ह्याला जाते. त्यात नाव नसलं की अंधांच्या निवासी शाळेत जागा मिळेपर्यंत घरी बसायचं, आणि ती जागा पाच-पाच वर्षं मिळत नाही हे इथल्या कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे.

 


बुधवार, ५ जून

काल अंथरुणावर पडल्या पडल्या एक घाणेरडी शंका मनात आली. लिहून टाकते. पोरगी खरंच वाचते का, की मी टोचताना पुटपुटते ते पाठ करते? म्हातारपणी माणूस स्वतःला फसवायला फार लवकर तयार होतं.

म्हणून आज दार लावून, तोंड मिटून पाच नवी वाक्यं टोचली. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे उलटं टोचावं लागतं, मग कागद पालटला की ठिपके वर येतात. ही पाटी कॉन्व्हेंटात मला शिकवणाऱ्या सिस्टर जोआनांची. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली तेव्हा त्यांना पत्रं लिहिता यावीत म्हणून मी हे सगळं शिकले, साठीला आल्यावर. त्या गेल्या आणि पाटी माझ्याकडे आली.

एनिफा चिपेरोनीच्या गार पावसाच्या भुरभुरीत भिजून आली, नाक वाहतंय. मी कागद पुढे ठेवला आणि खुर्ची लांब ओढून बसले.

"मामाची शेळी चर्चमध्ये शिरली," तिनं वाचलं. "शेळीनं फादरचं पुस्तक खाल्लं. फादर..." इथे बोट थांबलं. "आजी, हे खोटं आहे ना?"

"पुढे वाच."

"फादर शेळीला म्हणाले, आता तू प्रवचन कर." आणि जी हसायला लागली ती थांबेना. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं की हेडमास्तर गाढव आहेत. तीही वाचली, मोठ्यानं. मलिता कुंपणापलीकडे दोरीवरचे ओले कपडे गोळा करत होती, तिच्या हातातला कपडा चिखलात पडला.

"बाई! लेकराला काय शिकवताय?"

"वाचायला," मी म्हटलं.

पोरगी वाचते. म्हणजे खोट पुस्तकात आहे, किंवा त्या बाईत.


शुक्रवार, ७ जून

पुस्तक बघायला शाळेत गेले. हेडमास्तर नाम्पोटा आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी बदलून आले. माणूस नम्र आहे, दाढी रोज करतो, पण सहीशिवाय श्वास घेत नाही.

"मॅडम, ती पुस्तकं देणगीची आहेत. बारा आहेत. भांडारात ठेवलीत. अर्जाशिवाय बाहेर काढता येत नाहीत."

"ऑक्टोबरात आलेली पुस्तकं जूनपर्यंत एकदाही बाहेर निघाली नाहीत?"

"मंगळवारी एक काढलं होतं ना. तपासणीसाठी."

"ज्या मुलीसाठी आली तिला कधी दिली का?"

"मुलांच्या हातात पुस्तकं म्हणजे... तुम्हाला मी काय सांगू, मॅडम? देणगीवाले आले आणि फाटकं पुस्तक दिसलं तर पुढच्या वेळी काही देणार नाहीत."

मला राग आला. मी म्हटलं, "अडतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एका पुस्तकाचा कान दुमडलेला दाखवा! दर शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्ही पुस्तकं झोपवायचो. तपकिरी कागदाची कव्हरं घालून, आडवी, एकावर एक, आणि वर धुण्याचे दगड. सोमवारी उठवली की कालच छापल्यासारखी. कॉन्व्हेंटात सिस्टर जोआनांनी आम्हाला हेच शिकवलं आणि मी इथल्या दोन पिढ्यांना शिकवलं."

"ऐकलंय मी, मॅडम," ते म्हणाले. "इथे सगळे अजून तेच करतात."

हे ऐकून बरं वाटलं, नाही म्हणत नाही. निदान एक गोष्ट तरी शाळेत टिकली. अर्ज तीन प्रतींत लिहून दिला. मंगळवारी या म्हणाले.


मंगळवार, ११ जून

आज जे पाहिलं ते कसं लिहू?

भांडाराची किल्ली वायसनकडे असते. वायसन माझा विद्यार्थी, आता पन्नाशीचा, गुडघे दुखतात, तरी मला बघितलं की टोपी काढून दोन्ही हातांत धरतो. नाम्पोटा अर्जाची प्रत घेऊन मागे उभे. वायसननं कुलूप उघडलं. आत मुलांच्या पेजेच्या पिठाची पोती, खडूंचे खोके, फुटकी बाकडी. कोपऱ्यात फळीवर पुस्तकं. कव्हरं अशी घातलेली की कोपरे कात्रीनं कापल्यासारखे. प्रत्येकावर नाव, क्रमांक. आणि वर पेजेच्या पिठाची चार पोती, पन्नास-पन्नास किलोंची.

"झोपवलीत, बाई," वायसन म्हणाला. "ऑक्टोबरपासून. एक पान वाकलं असेल तर माझं नाव बदला. गेल्या मंगळवारी एकच काढलं होतं, तेही लगेच परत ठेवलं."

मी म्हटलं, "पोती उतरव."

उतरवली. मी वरचं पुस्तक घेतलं, उघडलं, डोळे मिटले, आणि बोट फिरवलं.

काही नाही.

दुसरं घेतलं. एखादा ठिपका कुठेतरी, डास चावून गेल्यावर राहतो तेवढा. तिसरं घेतलं. गुळगुळीत. बाराच्या बारा पुस्तकं अशी. खाली छापलेलं वाक्य स्पष्ट, चित्रं रंगीत, कोंबडी, होडी, आंब्याचं झाड. वाचणाऱ्याच्या बोटाला मात्र भिंत. पोरगी तीनदा खरं बोलली आणि तिला अडाणी ठरवून घरी पाठवली.

 नाम्पोटांनी विचारलं, "काय झालं, मॅडम? पुस्तक तर एकदम नवं दिसतंय."

"नवं दिसतंय," मी म्हटलं. "हात लावा."

त्यांनी हात लावला आणि चेहरा उतरला. मग त्यांनी तो हात पँटला पुसला, जसं काही लागलं असावं.

मी वायसनवर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "मूर्खा, हे ठिपके म्हणजेच अक्षरं! पोतं ठेवून तू अक्षरं पुसलीस! ही अक्कल तुला कुणी शिकवली?"

वायसन टोपी हातात फिरवत होता. मी परत विचारलं, "कुणी शिकवली?"

"आठवत नाही, बाई," तो म्हणाला.

भित्रा. लहानपणीही असाच होता. काचेला चेंडू लागला की सगळ्यांची नावं माहीत असून एकही सांगायचा नाही.


बुधवार, १२ जून

जेवण गेलं नाही. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा तसाच ताटात गार झाला, सुकट मांजरीनं खाल्ली. आठ महिने! आठ महिने ही पुस्तकं त्या पोत्यांखाली दबत होती आणि शाळेतला एकही शहाणा एकदासुद्धा पानाला हात लावून बघत नाही. आणि ती सितोलो? ब्रेलची परीक्षा घ्यायला आलेली बाई! छापील ओळ वाचून तिनं समजूत करून घेतली की पानावर काहीतरी आहे. स्वतःच्या बोटाला एवढं काय जड झालं होतं?


शुक्रवार, १४ जून

नाम्पोटा स्वतः माझ्या घरी आले. चहा दिला, रताळी दिली. दोन रताळी खाऊन झाल्यावर बोलले.

"मॅडम, मी विचार केला. परत तपासणी मागायची तर कारण द्यावं लागेल. कारण म्हणजे कुणाची तरी चूक. तुम्ही पत्र लिहा, त्यात लिहा की भांडारवाल्यानं हलगर्जीपणा केला. वायसनचं नाव घाला. जिल्ह्याला एक नाव मिळालं की फाइल हलते."

"आणि वायसन?"

"त्याला काढतील. तसाही निवृत्तीला आलाय, गुडघेही..."

"तुमचं नाव कुठे आलं या सगळ्यात?"

"मी कशाला?" ते खरंच गोंधळले. "मी अर्ज मंजूर केला, मॅडम."

मी म्हटलं, विचार करते. पण खरं सांगायचं तर मनात पत्र लिहूनही झालं होतं. ज्यानं चूक केली त्याचं नाव द्यायचं, यात चुकीचं काय? पंधरा दिवस उरलेत, आणि पोरगी रोज कुंपणापाशी येऊन विचारते, "आजी, नवं पुस्तक आलं का? ते भिंतीचं नको, दुसरं."

आज रस्त्यात मलिताचा भाऊ दिसला. बांधाकडेला बसून टोपल्या विणतो, त्यालाही दिसत नाही. काम असं सफाईचं की आमच्या शाळेतला एकही मुलगा इतकं सरळ काही करत नसे. परतल्यावर मी मलिताला म्हटलं, "एवढा हुशार हात! हा शाळेत का आला नाही?"

मलिता म्हणाली, "तुमच्याच वर्गात आला होता बाई. एक दिवस."

मला आठवत नाही.


रविवार, १६ जून

मासची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर मलिता भेटली. मी तिला पत्राबद्दल सांगितलं, वायसनचं नाव घालणार म्हणून. आणि त्याची चूक काय ते सविस्तर सांगितलं: आडवी ठेवली, वर वजन ठेवलं, ब्रेलची पुस्तकं उभी ठेवायची असतात.

 मलिता डोक्यावरचं फडकं सारखं करत म्हणाली, "बाई, रागवाल का?"

"बोल."

"तुमच्या सुरवातीच्या वर्गांत शुक्रवारी शेवटच्या तासाला तुम्ही दगड कुणाला उचलायला लावायचात?"

"जो सगळ्यात ताकदवान असेल त्याला."

"वायसनदादाला," मलिता म्हणाली. "सगळे मोठे अजून सांगतात. तो वर्गात मोठा होता, दोन वर्षं मागे राहिलेला. तुम्ही म्हणायचात, वायसन, पुस्तकं झोपव. तेवढ्यासाठी तो शुक्रवारी शाळेत यायचा. बाई, तुम्ही त्याला शाबासकी द्यायचात ती फक्त त्या दगडासाठी."

चर्चची घंटा वाजत होती. कुणीतरी मला नमस्कार केला, मी केला की नाही आठवत नाही.

"त्याला विचारलंत ना, कुणी शिकवलं म्हणून?" मलिता म्हणाली. "तो काय सांगणार होता?"


सोमवार, १७ जून

आज काही लिहिणार नाही.


बुधवार, १९ जून

वायसनच्या घरी गेले. अंगणात बसून तो मक्याचे दाणे सोलत होता. मला बघून उठायला लागला, मी म्हटलं, "बस. गुडघे दुखवू नकोस."

बायकोनं मला खुर्ची दिली. मी वायसनला म्हटलं, "भांडारात मी विचारलं तेव्हा तू का बोलला नाहीस?"

"काय बोलायचं, बाई?"

"माझं नाव."

तो कणसाकडे बघून हसला. "हेडमास्तर शेजारी उभे होते."

"मग?"

"मग काय, बाई. हेडमास्तरांसमोर बाईंचं नाव कसं घेणार?"

 मी एक कणीस उचललं आणि सोलायला लागले, बोटांना काहीतरी काम हवं होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ती पोरगी वाचते का खरंच?"

"वाचते. शेळीची गोष्ट वाचून लोळली हसून."

"मग माझं नाव लिहा," वायसन म्हणाला. "माझं काय, शेत आहे. पोरीचं नाव यादीत राहायला हवं. मी पोती ठेवली हे खरंच आहे ना."

"खरंच आहे," मी म्हटलं. "पण सगळं खरं नाही."

उठताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मागायची होती ती माफी तशीच राहिली. कॉन्व्हेंटात माफी कागदावर मागायला शिकवतात. तोंडानं मागायची सवय नाही.


गुरुवार, २० जून

पत्र लिहिलं. सकाळी नाम्पोटांच्या टेबलावर प्रत ठेवली, मूळ पत्र जिल्ह्याला जाणाऱ्या पेजेचं पीठ आणणाऱ्या गाडीबरोबर, ड्रायव्हरची सही घेऊन. नाम्पोटांनी वाचून "मॅडम, यात माझंही नाव आहे" असं तीनदा म्हटलं. मी म्हटलं, तुम्ही वाचू शकता याचा मला आनंद आहे.

इथे उतरवून ठेवते.

"मा. जिल्हा शिक्षणाधिकारी,

दिनांक ४ जून २०१९ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या कार्यालयाच्या मिसेस सितोलो यांनी कु. एनिफा, वय सात, हिला वाचता येत नाही असा शेरा दिला. तो शेरा चुकीचा आहे. मुलीला जे पुस्तक दिलं त्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. आठ महिने दोनशे किलो पिठाखाली दाबल्यामुळे त्यातले ब्रेलचे ठिपके सपाट झाले होते. बाराही पुस्तकं तशीच आहेत, येऊन हात लावून बघावीत.

पुस्तकं दाबून ठेवण्याची पद्धत या शाळेत मी आणली. अडतीस वर्षं ती मी मुलांकडून करवून घेतली, त्याबद्दल त्यांना शाबासकी दिली. भांडारपाल वायसन यांनी मी शिकवलं तेच केलं. त्यांनी पुस्तकांची जी काळजी घेतली, तेवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतलेली मला दिसली नाही. त्यांच्यावर कारवाई करायची झाल्यास आधी माझ्यावर करावी. निवृत्तिवेतनाचा क्रमांक खाली दिला आहे. ज्या मुलीसाठी पुस्तकं आली तिला ती आठ महिन्यांत एकदाही मिळाली नाहीत, ही जबाबदारी मुख्याध्यापक श्री. नाम्पोटा यांची आहे.

माझी मागणी अशी. मुलीची परत तपासणी व्हावी, १ जुलैच्या यादीआधी. कुठलंही पुस्तक नको. परीक्षकांनी मनातलं वाक्य कागदावर लिहावं, हवं तितकं अवघड. मुलगी बाहेर व्हरांड्यात थांबेल. मी ते वाक्य परीक्षकांसमोर टोचीन, तोंडातून शब्द न काढता. मग मुलीला आत बोलवावं आणि मी बाहेर जाईन.

आणखी एका प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे. मिसेस सितोलो यांनी मुलीला ते पान देण्याआधी त्यावर स्वतःचं बोट फिरवलं होतं का? मुलगी तीनदा म्हणाली की इथे काही नाही, त्यानंतर तरी फिरवलं का?

उत्तर लेखी हवं. फोन नको, गाडीवाल्याबरोबर निरोप नको. माझी चूक मी वर माझ्या सहीनं लिहून दिली आहे. तुमची तुम्ही लिहा, आणि शुक्रवार, २८ जून २०१९ रोजी दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या हातात पोहोचवा.

पर्पेतुआ न्याम्बालो
निवृत्त शिक्षिका, पहिलीचा वर्ग"